कोर्ट उठेपर्यंत

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार.

सुमाच्या अपघाताच्या खटल्याचा निकाल काल लागला. आरोपी चालकाने गुन्हा कबूल केला, न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दोन हजार रुपये दंड सुनावला आणि संध्याकाळी तो आपल्या घरी गेला. "सुटलो एकदाचे," असे म्हणून माईने देवापुढे साखर ठेवली. घरातल्या कुणाला आता हा विषय नको आहे. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. अपघातांतल्या शिक्षांवरून माझ्याशी वर्षानुवर्षे भांडलेला माणूस तू एकटाच आहेस आणि सुमाला तू तिच्या दोन वेण्यांच्या दिवसांपासून ओळखतोस, म्हणून तुलाच लिहितो आहे. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघे वयाला साजेसे दुखतात. प्रकृतीविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

कोर्ट उठेपर्यंतची कैद ही शिक्षा तू वकील म्हणून अनेकदा पाहिली असशील, मी पहिल्यांदाच पाहिली. त्या दिवसाचे कामकाज संपेपर्यंत आरोपी मागच्या बाकावर बसून राहिला. दुपारच्या सुट्टीत त्याच्या भावाने त्याला डबा आणून दिला. नंतर त्याने मोबाइल बाहेर काढला, तेव्हा शिपायाने तो खिशात ठेवायला सांगितला आणि त्याने तो निमूटपणे ठेवला. तो क्रूर दिसत नव्हता, उर्मटही नव्हता. सुमाकडे त्याने एकदा पाहिले आणि मान खाली घातली. त्याच दालनात दुसऱ्या बाजूला सुमा उजवा पाय लांब करून बसली होती, कारण तो गुडघ्यात पुरता वाकत नाही, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या पायाला वळसा घालून जात होता. संध्याकाळी दोघेही एकाच जिन्याने उतरले. तो आधी खाली पोहोचला.

२०२२ च्या पावसाळ्यात तिच्या नडगीच्या हाडाचे तुकडे झाले, तेव्हा डॉक्टरांनी पायाबाहेर लोखंडी चौकट बसवली होती. तू भेटायला आलास तेव्हा पायावर चादर होती, त्यामुळे ती तुला दिसली नाही. सळ्या कातडीतून आत जाऊन हाडात रुतलेल्या असत, आणि प्रत्येक सळीच्या मुळाशी साचलेली खपली रोज सलाइनच्या पाण्याने, निर्जंतुक कापसाने काढावी लागे. ते काम माझ्याकडे होते. सुमा भिंतीकडे तोंड करून सतराचा पाढा म्हणत असे आणि मी चुकून सळीला धक्का लावला की पाढा तिथेच थांबे. राजगडावर आपल्या दोघांना मागे टाकून बालेकिल्ल्यावर पोहोचलेली आणि वरून "म्हातारे झालात काय रे?" असे ओरडणारी मुलगी आज वर्गात खुर्चीवर बसून गणित शिकवते आणि फळ्यावर लिहायला विद्यार्थ्याला उभे करते.

आता कायद्याकडे येतो, आणि माझे काही चुकत असेल तर तू लाल शाईने दुरुस्त करशीलच. अपघात २०२२ मधला, म्हणून जुनी दंडसंहिता लागू झाली. कलम २७९ (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि ३३८ (निष्काळजीपणाने गंभीर दुखापत करणे). फिर्यादीतली ती ठरलेली भाषा तुला पाठ आहे: हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून. पहिल्या कलमाला जास्तीत जास्त सहा महिने, दुसऱ्याला दोन वर्षे, आणि दोन्हींना दंडाची मर्यादा प्रत्येकी एक हजार रुपये. म्हणजे काल झालेला दंड हा कायद्यातला सर्वांत मोठा दंड होता! न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात कैदेची वरची मर्यादा होती, खालची नव्हती; समोर पहिलाच गुन्हा असलेला, नोकरी करणारा, कबुली देणारा माणूस उभा होता. किमान शिक्षाच लिहिलेली नसेल, तर अशा माणसाला एक दिवस बसवून सोडून देणे हे कायद्यात बसते, आणि म्हणूनच मला कायद्याविषयी लिहायचे आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि गंभीर दुखापतीसाठी कलम १२५ मध्ये कमाल तीन वर्षे आणि दहा हजार रुपये दंड झाला. वाढ झाली हे खरेच. पण त्याच संहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. जुन्या कायद्यात दोन्हींची कमाल दोनच वर्षे होती. हे अंतर नव्या कायद्याने निर्माण केले. दिनकर, मला हे पटत नाही. सुमा मेली नाही याचे श्रेय त्या चालकाकडे कसे जाते? ती वाचली ती तिच्या हेल्मेटमुळे, मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने वेळेत ब्रेक दाबल्यामुळे आणि रुग्णवाहिका लवकर आल्यामुळे. चालकाने जे केले ते दोन्ही शक्यतांत तेच होते: चढावर, वळणावर, समोरचे दिसत नसताना पुढच्या गाडीला ओलांडायला निघणे. शिवाय मोटारसायकल चोरणाऱ्यालाही कमाल तीनच वर्षे आहेत आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे, तर माणूस कायमचा पंगू करणारा गुन्हा जामीनपात्र आहे. दारू पिऊन एखाद्याचा मणका मोडला, तरी या कलमाची कमाल मर्यादा तीन वर्षांच्या पुढे सरकत नाही. नशेचा गुन्हा मोटार वाहन कायद्याखाली वेगळा लागतो, एवढेच.

तुझे उत्तर मला इथेच ऐकू येते. सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नाचे कलम आहे, त्यात दुखापत झाली तर सात वर्षांपर्यंत कैद आहे, पोलिसांनी ते लावावे. लावावे, हे मान्य. पण त्यासाठी चालकाला परिणामाची जाणीव होती हे सिद्ध करावे लागते, आणि वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाल्याशिवाय तेवढे कष्ट किती ठिकाणी घेतले जातात, हे तू माझ्याहून अधिक जाणतोस. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातात अल्पवयीन चालकाला जामिनासाठी घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर सारा देश संतापला आणि तो संताप योग्यच होता. पण तिथे दोघांचा जीव गेला होता. त्या दोघांऐवजी दोन माणसे अंथरुणाला खिळली असती, तर तुझ्या-माझ्यापर्यंत ती बातमी पोहोचली असती का? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. त्या शेवटच्या आकड्यात आपली सुमा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा संप झाला तेव्हा आपण फोनवर किती भांडलो, आठवते ना? जीवघेणा अपघात करून पळून जाणाऱ्याला नव्या संहितेतली दहा वर्षांपर्यंतची शिक्षा तुला अघोरी वाटत होती. गर्दीच्या भीतीने पळणाऱ्या गरीब चालकाला दहा वर्षे आणि वकिलांची फौज आणणाऱ्याला जामीन, असे तू म्हणालास, आणि मी रागाने फोन ठेवला. सरकारने ते उपकलम अमलात आणले नाही, तेव्हा तू पेढे पाठवलेस. ते सुमाने खाल्ले आणि चांगले होते असे तिने कळवायला सांगितले होते. तुझ्या त्या म्हणण्यात तथ्य आहे. शिक्षेच्या आकड्यापेक्षा शिक्षा होण्याची खात्री माणसाला अधिक आवरते, हेही मी मानतो. पण मी दहा वर्षे मागतच नाही. गंभीर दुखापतीला पाच वर्षांपर्यंतची कमाल, कायमचे अपंगत्व आले असेल तर काही महिन्यांची का होईना पण किमान कैद, आणि परवाना दीर्घकाळ रद्द, एवढेच माझे मागणे आहे. खात्रीच महत्त्वाची असेल, तर 'कोर्ट उठेपर्यंत' या शिक्षेने नेमकी कशाची खात्री दिली, हे मला तू सांग.

आणखी एक गोष्ट मला टोचते. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. त्यामुळे शिक्षेचा सगळा भार जखमीच्या माथ्यावर येतो. पायात सळ्या असताना सुमाकडे कोण कोण येऊन गेले! त्याचे मामा आले, आपल्या ओळखीचे एक गृहस्थ आले, "मिटवून टाका, पोराचे आयुष्य आहे," असे सांगून गेले. तिने नकार दिला तेव्हा खुद्द आपल्या नातलगांनी तिला हट्टी ठरवले. अपघात दावा न्यायाधिकरणातून मिळालेली भरपाई विमा कंपनीने दिली. चालकाच्या खिशातून कालचे दोन हजार सोडून काही गेलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पंजाबातल्या एका खटल्यात, भरपाई दिली म्हणून २४ दिवसांच्या कैदेवर सुटलेल्या चालकाची शिक्षा सहा महिन्यांवर नेली आणि कायदेमंडळाने या शिक्षांचा फेरविचार करावा असे सांगितले. तोही मृत्यूचाच खटला होता.

आता कामाचे. आरोपी निर्दोष सुटला किंवा भरपाई अपुरी वाटली तर पीडिताला अपील करता येते, पण शिक्षा कमी वाटते म्हणून अपील करण्याचा अधिकार त्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तो अधिकार राज्य सरकारचा. म्हणजे सुमाला सरकारकडे विनंती अर्ज करावा लागेल. तो अर्ज तू लिहावास अशी माझी इच्छा आहे. तू आरोपींची बाजू मांडत आलास, म्हणून तुझ्या लेखणीतून येणारा अर्ज सूडाचा वाटणार नाही. सुमा स्वतः अजून काही बोललेली नाही. आज सकाळी तिने निकालपत्र एकदा वाचले, कबुलीच्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि शाळेला गेली. तिची संमती घेतल्याशिवाय आपण काही करणार नाही, पण अर्ज तयार असेल तर तिला निवडायला काहीतरी हाती असेल.

नंदिनीला परदेशातली शिष्यवृत्ती मिळाल्याचे कळले, तिला माझे आशीर्वाद सांग. वहिनींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली असेल. तुझी तारीख आणि तुझे पत्र, दोन्ही नेहमी पुढच्या महिन्यावर जातात. या वेळी मात्र तसे करू नकोस, कारण अपिलाला मुदत असते. निकालाची प्रमाणित प्रत, दोषारोपपत्र आणि अपंगत्वाचा दाखला यांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत. दाखल्याच्या दुसऱ्या पानावरचा शिक्का पुसट आला आहे. मूळ प्रत लागली तर कळव, मी ती घेऊन स्वतः येईन.

तुझा,
वसंत