जुने शाईपेन सोन्याच्या भावाने विकू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला किंवा मे महिन्यात बंद घरे उघडली की कोकणातल्या कित्येक पेट्यांतून आजोबांची पार्कर, शेफर, क्वचित माँ ब्लाँ ही शाईपेने बाहेर येतात आणि घरात वापरणारे कोणी नसल्याने विकायला निघतात. निबवर ५८५ किंवा ७५० हा आकडा दिसला की विकणारा थेट सराफाकडे जातो. हे आकडे अनुक्रमे १४ आणि १८ कॅरट सोन्याचे आहेत हे खरे. पण अख्खी निब बहुधा ग्रॅमभरही भरत नाही, आणि ती उपटून वितळवली की चांगले पेन कायमचे जाते.

किंमत ठरते ती मुख्यतः निबच्या टोकावर. सोने मऊ असल्याने तिथे ऑस्मियम, रुथेनियम यांसारख्या कठीण धातूंच्या मिश्रणाचा बारीक मणी जोडलेला असतो. निबच्या चिरेने झालेली दोन्ही पाती एका पातळीत आहेत का, आणि जुन्या मालकाच्या लिहिण्याच्या ढबीने मणी एका अंगाला झिजून सपाट तर झालेला नाही ना, हे भिंगाखाली पाहिल्याखेरीज भावाचे बोलणे काढू नये. कारण वाकलेली निब कुशल कारागीर सरळ करतो, पण झिजलेला मणी नव्याने बसवणे फार खर्चाचे असते.

आपल्या दमट, खाऱ्या हवेत आणखी काही गोष्टी बिघडतात. एबोनाइटचा (पेनासाठी वापरलेल्या कडक रबराचा) काळा रंग उजेडाने व ओलाव्याने तपकिरी पडतो, बाजूची तरफ उचलून शाई भरायच्या पेनातली पोलादी पट्टी गंजते, शाई साठवणारी रबरी पिशवी कडक होते. पिशवी बदलता येते, तेव्हा तेवढ्यासाठी भाव पाडून मागणे मला अन्यायाचे वाटते. टोपणाच्या काठावरची चीर मात्र गंभीर समजावी. विकण्यापूर्वी पेन घासून चकचकीत करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण त्यात कोरलेली मूळ अक्षरे पुसली जातात आणि जाणकार ग्राहक नेमकी तीच शोधतो. गरम पाण्यातही ते बुडवू नये. पिस्टनचे, म्हणजे आतला दट्ट्या फिरवून शाई ओढणारे, पेन साध्या थंड पाण्याने भरून पाहावे आणि पाणी गळते का, हे थोडा वेळ थांबून तपासावे.

केवळ जुनेपणाला किंमत नसते. १९४१ साली आलेले पार्कर ५१ अतिशय टिकाऊ, पण ते इतक्या प्रचंड संख्येने विकले गेले की त्याला दुर्मीळ म्हणता येत नाही. उलट माँ ब्लाँच्या नकला पुष्कळ. निबवरचा ४८१० हा आकडा आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली रूढ उंची आहे; तो नकलेवरही कोरलेला असतो, म्हणून त्यावर विसंबू नये. १४९ हे मॉडेल पिस्टनचेच असते. त्यात शाईची तयार, बदलायची नळी (काडतूस) बसत असेल तर ते खरे नव्हे.

दूरच्या ग्राहकाने निबची समोरून व बाजूने काढलेली, तसेच टोपण उजेडात धरून घेतलेली छायाचित्रे मागितली, तर विकणाऱ्याने तो अविश्वास मानू नये आणि ती दिल्याशिवाय पैसेही घेऊ नयेत.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी