फरार माणूस दरमहा ठाण्यात सही करायला जातो का?

मा. संपादक,
स. न.

पॅरोलवरच्या, म्हणजे तुरुंगातून रजेवर सुटून परत न गेलेल्या ‘फरार’ कैद्यांची आपली कालची बातमी वाचली. मथळा झकास होता. आकडा होता, बेडीचा फोटो होता, ‘पोलिसांची धडक मोहीम’ही होती. ज्यांना फरार म्हटले त्यांचे म्हणणे मात्र चार ओळींतही नव्हते. असो, जागा कमी पडली असेल.

माझा भाचा याच यादीतला आणि त्याचा जामीनदार मी. त्याने गुन्हा केला, शिक्षा झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण 8 मे 2020 च्या अधिसूचनेने त्याला कोरोनाची रजा मिळाली ती कशी, हे तरी छापा. सात वर्षांवर शिक्षा असलेल्यांत आधीच्या दोन रजांवरून वेळेत परतलेल्यांनाच ती मिळत होती. म्हणजे सरकारनेच पारखून घेतलेली माणसे! आधी 45 दिवस, मग साथीचा कायदा लागू असेपर्यंत तीस-तीस दिवसांची वाढ. अट एकच, दर तीस दिवसांनी पोलीस ठाण्यात हजेरी.

ती त्याने दिली. बहिणीने त्यासाठी वेगळी वही घातली होती, अंमलदार तिच्यात सही-शिक्का करून देत. एका साहेबांनी तर ‘कशाला सारखा येतोस रे’ म्हणून हटकलेही होते. मे 2022 मध्ये गृह विभागाने सगळ्यांना परत बोलावले. ते पत्र तुरुंगातून ठाण्यात आले म्हणे. त्यानंतरही हा तिथे जाऊन सही करून आला, पण कोणी चकार शब्द काढला नाही. पुढे सोयाबीनच्या काढणीत पोलिसांची गाडी आली. आमच्याच ओट्यावर बसून चहा झाला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर ‘गोपनीय माहितीच्या आधारे सापळा रचून ताब्यात घेतले’. सापळा आमच्या ओट्यावर!

गुन्हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 224 चा, म्हणजे कायदेशीर कोठडीतून पळून जाण्याचा, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंनी कोर्टात साधा प्रश्न केला: पळणारा माणूस पोलिसांकडे हजेरी लावतो का? परत ये, असे त्याला कोणी, कधी, कोणत्या कागदाने कळवले? त्यांनी ठाण्याची हजेरी नोंदवही आणि त्या पत्राची आवक नोंद मागितली. उत्तर आले, ‘सदर नोंदवही आढळून येत नाही’. आता सगळा बचाव बहिणीच्या वहीवर उभा आहे आणि सरकारी वकील म्हणतात, त्यातले शिक्के पुसट आहेत. शाई आम्ही पुरवायची होती का?

तुरुंगाने तर कोर्टाची वाटही पाहिली नाही. शिक्षेत सूट म्हणून मिळालेले माफीचे दिवस कापले, पुढची रजा बंद. बरे, पॅरोलचे दिवस शिक्षेत धरत नाहीत, जेवढा बाहेर राहिला तेवढे नंतर भोगायचेच आहेत. मग जास्त दिवस बाहेर राहून त्याने कमावले काय? खरोखर पळालेले असतील, त्यांना जरूर धरा. पण दोघांना एकाच मथळ्यात कोंबू नका.

जानेवारी 2015 मध्ये संजय दत्त रजा संपूनही दोन दिवस बाहेर होते. मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित होता, हे कारण तेव्हा सगळ्यांना कळले आणि चौकशी तुरुंगाच्या व पोलिसांच्या चुकीची झाली. आमच्याकडे चौकशी ओट्यावरच्या माणसाची होते.

शिवाय कालच्या बातमीखाली ‘उर्वरित पान 7 वर’ असे लिहिले होते. पान 7 वर सोन्याच्या दागिन्यांची पानभर जाहिरात आहे. आरोपींच्या वकिलांचे म्हणणे तिथे असेल तर कृपया कळवावे, मी दोनदा शोधले.

आपला,
एक जामीनदार
(नाव-गाव छापू नये)