वजनकाट्याचा प्रोग्राम सावरून देणाऱ्या सरांचे जाहीर आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

पिंपळगाव बसवंत येथील आमच्या पॅकहाउसमधील वजनकाट्याचा प्रोग्राम आज विनाखंड चालतो आहे, याचे श्रेय आपले आहे आणि ते चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. द्राक्षांच्या हंगामात क्रेट काट्यावर ठेवले की वजन नोंदवून शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी छापणारा हा सी या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम ३२ बिटांच्या संगणकांच्या काळात लिहिला गेला. पुढे तो ६४ बिटांच्या संगणकावर आला आणि मधूनच कोसळू लागला. बाहेर मालाच्या गाड्या खोळंबत, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करण्यापलीकडे कोणाला काही सुचत नसे.

हंगाम संपल्यावर आम्ही नवा संगणक घेतला. त्यावर जीसीसी या कम्पायलरची (लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या साधनाची) १४ वी आवृत्ती होती आणि तिने हा प्रोग्राम कम्पाइल करण्यासच नकार दिला. मे २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून, आधी जाहीर न केलेले फंक्शन (नावाने बोलावता येणारा प्रोग्रामचा तुकडा) वापरल्यास नुसती वॉर्निंग न येता एरर येते. असे फंक्शन वापरण्याची सवलत सी भाषेच्या १९९९ च्या मानकानेच काढून टाकली होती, परंतु जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून कम्पायलरने सुमारे पाव शतक वाट पाहिली, हे आपण समजावून सांगितलेत तेव्हा नव्या आवृत्तीवरचा आमचा रोष मावळला. ‘एफ-परमिसिव्ह’ हा पर्याय देऊन अशा एरर पुन्हा वॉर्निंगवर आणता येतात, आणि तसे करून मोकळे व्हा, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता. आपण तो पर्याय एकदाच वापरलात, तोही दोष उघड करण्यासाठी, आणि त्याबद्दल मी आपला सर्वांत अधिक ऋणी आहे.

शेतकऱ्याची नोंद शोधून तिचा संगणकाच्या मेमरीतला पत्ता परत करणारे फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये होते व फंक्शन जाहीर करणाऱ्या कोणत्याही हेडर फाइलमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. आपण जीडीबी या डीबगरने (प्रोग्राम टप्प्याटप्प्याने चालवून तपासण्याच्या साधनाने) प्रोग्राम त्या फंक्शनमध्ये थांबवून, ते संपेपर्यंत चालवणारी ‘फिनिश’ ही आज्ञा दिलीत, तेव्हा परत आलेला पत्ता पडद्यावर पूर्ण दिसला; पुढची ओळ चालवून तो पत्ता साठवलेला पॉइंटर छापला, तर खालचे ३२ बिट तेवढे उरले होते. जाहीर न केलेले फंक्शन ‘इंट’ (पूर्णांक) परत करते असे पूर्वी गृहीत धरले जाई, आणि इंट ३२ बिटांचा, तर आता पत्ता ६४ बिटांचा. जुन्या ३२ बिटांच्या संगणकावर दोन्ही सारखेच असल्याने हा दोष कधी दिसला नाही. ६४ बिटांच्या संगणकावर मात्र पत्ता लहान असेपर्यंत काम निभावे आणि मोठा झाला की प्रोग्राम कोसळे. हंगामात आम्ही ज्याला नशीब म्हणत होतो, त्याचे कारण असे दोन ओळींत समोर आले. हेडर फाइलमध्ये एक ओळ लिहून ती दोन्ही फाइलींत जोडताच तो दोष नाहीसा झाला. पॉइंटरचे प्रकार न जुळल्याच्या उरलेल्या एरर फारशा अवघड नव्हत्या, तरी त्या आपण स्वतः न सोडवता आमच्या मुलांकडून सोडवून घेतल्यात. आता ती मुले एरर आली की आधी ती पूर्ण वाचतात.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी आणि १९८७ मध्ये जीसीसी लोकांसाठी प्रथम खुले केले, आणि तेव्हापासून ज्यांनी ज्यांनी ही साधने जोपासली त्यांचेही आभार मानावेत असे आपणच सुचवले होते, तेही येथे मनापासून मानतो. आपण मानधन घेतले नाहीत. पॅकहाउसच्या वतीने, आणि ज्यांच्या गाड्या आता काट्यापाशी अडत नाहीत त्या शेतकऱ्यांच्या वतीने, मी आपले मनःपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
वजनकाट्याच्या प्रोग्रामची देखभाल करणारा,
पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक