पेन्सिलीआधी सागरगोटे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर-जानेवारीत आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत बालवाड्यांच्या प्रवेशाच्या जाहिराती येऊ लागतात. त्यांत वातानुकूलित वर्ग असतात, संगणक असतो, आणि ज्युनियर केजी संपेपर्यंत मूल वाक्ये लिहू लागेल अशी हमीही असते. मी सातारा जिल्ह्यातल्या एका बालवाडीत २८ वर्षे शिकवले आणि आता निवृत्तीनंतर पुण्यात मुलाकडे राहते. या जाहिराती वाचताना माझी नजर एकच गोष्ट शोधत असते : अंगण किती आहे? ते कोणी छापत नाही.

हा प्रश्न माझ्या मनात पक्का रुतला तो नातवामुळे. तो साडेचार वर्षांचा आहे. चार रेघी वहीत 'ग' चे एक पान काढून आणायचे होते. पेन्सिल मुठीत आवळून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून, खांद्यापासून अख्खा हात हलवत तो लिहीत होता. तिसऱ्या ओळीत टोक मोडले आणि पाचव्या ओळीत कागद फाटला. वहीत बाईंचा शेरा आधीचाच होता, 'लक्ष देत नाही'. लक्ष तर तो जीव तोडून देत होता. मी त्याला उठवले आणि म्हटले, "चल बाळा, एका पायावर उभा राहा बघू." दोन म्हणायच्या आत त्याने कपाट धरले. दुखणे वहीत नव्हतेच.

मुलाच्या शरीरावर ताबा येतो तो मानेपासून खाली आणि धडापासून बोटांकडे. आधी मान, मग पाठ आणि पोट, मग खांदा, कोपर, मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटांची टोके. पाठ स्थिर नसेल तर खांदा स्थिर राहत नाही, आणि खांदा हलत असेल तर बोटांनी बारीक काम करायचे ते कशाच्या आधारावर? मनगटाचेच पाहा. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती बहुधा सगळी कूर्चाच, म्हणजे मऊ, लवचिक, असतात आणि पुढे एकेक करून त्यांचे हाड होत जाते. त्यांतले शेवटचे, वाटाण्याएवढे, साधारण आठव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान तयार होते. याचा अर्थ बाराव्या वर्षापर्यंत लिहूच नये असा कोणी काढू नये. पण चौथ्या वर्षी पानेच्या पाने लिहून घेताना आपण कोणाच्या हातून काम करून घेतो आहोत, याची जाण तरी असावी. बहुतेक मुले तिसऱ्या वर्षी गोल पाहून काढतात, चौथ्या वर्षी फुली काढतात, आणि त्रिकोण, म्हणजे तिरप्या रेघा जुळवणे, हे पाचव्या वर्षाच्या आसपास जमते. आपल्या मुळाक्षरांत तिरप्या रेघा आणि गाठी किती आहेत ते पाटीवर काढून पाहावे.

मग हा हात तयार कशाने होतो? आपल्या आज्यांना या शास्त्राचे नाव ठाऊक नव्हते, पण साधने त्यांच्या ओच्यात होती. सागरगोट्यांचा खेळ नीट पाहा. पाच गोटे जमिनीवर पसरायचे, एक वर उडवायचा, तो हवेत असतानाच खालचा एक उचलायचा आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन. डोळा वर, हात खाली, आणि उडवायचे किती जोराने याचा अंदाज मनगटात. खालचे वेचताना अंगठा आणि दोन बोटे जुळतात, तीच पुढे पेन्सिल धरतात. पाच वर्षांच्या मुलाला हा सगळा खेळ येत नाही, यायला नकोही. त्याने गोटा नुसता उडवून दोन्ही हातांनी झेलला तरी पुष्कळ झाले. लंगडीत एका पायावर सगळे अंग तोलायचे, वर दुसऱ्याला पकडायचेही असते. फुगडीत समोरच्याच्या वजनावर आपले वजन टाकायचे आणि गरगर फिरूनही पडायचे नाही. कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय आणि पाय यांची ओळख तिथेच पक्की होते. झिम्म्यात उजवा हात समोरच्याच्या उजव्या हातावर, म्हणजे आपल्या शरीराची मधली रेषा ओलांडून जातो. ज्या मुलाला ही रेषा ओलांडता येत नाही ते कागदाच्या डाव्या बाजूला डाव्या हाताने आणि उजव्या बाजूला उजव्या हाताने रंग भरते. अशी मुले मी वर्गात दरवर्षी पाहिली.

खेळासाठी निराळी खरेदी करावी लागते असेही नाही. माझ्या नातवाची वही मी महिनाभर कपाटात ठेवली. त्याच्या आईला ते पटले नाही, ते तिने सांगितलेही. त्या महिन्यात तो माझ्याबरोबर मटार सोलायला बसला. शेंगेचे टोक चिमटीत धरून मोडायचे, शिर ओढायची, अंगठ्याने दाणे ढकलायचे. पहिल्या दिवशी निम्मे दाणे सोफ्याखाली गेले. कणकेचा गोळा त्याने मळला, कुंड्यांना तांब्याने पाणी घातले, वाळलेल्या कपड्यांचे चिमटे काढून डब्यात टाकले. रोज संध्याकाळी जिन्यावर एका पायरीला एक पाऊल अशी चढ-उतार केली आणि वाहनतळात खडूने घरे आखून लंगडत गेलो, म्हणजे तो गेला आणि मी मोजले. आता तो सहा मोजेपर्यंत एका पायावर उभा राहतो. 'ग' अजून वाकडाच आहे, पण कागद फाटत नाही.

एक काळजीची गोष्ट मात्र सांगायला हवी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सागरगोटे, मणी, शेंगदाणे, वाटाणे देऊ नयेत. ते तोंडात जातात आणि घशात अडकतात. त्याहून मोठे मूलही अशा कामाला बसले असेल तर मोठे माणूस शेजारी हवे. आणखी एक. पुष्कळ घरांत 'पांगुळगाडा' समजून चाकांचा वॉकर आणतात. आपल्या लाकडी पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. वॉकरमध्ये ते मध्ये बसून टाचा उचलून सरपटते, जिन्यावरून कोसळण्याचा धोका निराळाच. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे ते बारशाला भेट म्हणून येतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यांतली ६० मिनिटे तरी दम लागेल अशी असावी आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासाहून जास्त नसावा. आमच्या सोसायटीच्या फलकावर 'आवारात चेंडू खेळण्यास मनाई' असे लिहिले आहे. बागेत घसरगुंडीखालची वाळू काढून सिमेंट केले. दोन्ही पालक नोकरीला, संध्याकाळी सात वाजता घरी येणारे; त्यांना मी दोष देणार नाही. म्हणूनच दिवसाचे जे तीन-चार तास मूल बालवाडीत असते, त्यांत त्याला बाकावर बसवून ठेवणे मला अन्याय वाटतो.

याच महाराष्ट्रात १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढले. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात नेऊ, या विचारातून 'अंगणवाडी' हा शब्द आला. बिया, शिंपले, पाने, माती हीच तिथली साधने. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो शब्द देशभर पोचला. आज शहरातल्या कित्येक अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात आणि अंगण तेवढे नावात उरते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे, पण तो हक्क ६ ते १४ वयाचा. तीन वर्षांच्या मुलासाठी कायद्यात 'सरकार व्यवस्था करू शकेल' एवढीच मोघम भाषा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ हा पायाभूत टप्पा धरून तो खेळातून शिकवावा असे सांगितले, ते बरे झाले. मात्र खेळायला जागा किती हवी, हे बालवाडीला परवानगी देताना कोणी मोजणार का?

सगळेच वाकडे अक्षर न खेळल्यामुळे येते असेही मी म्हणत नाही. पाच वर्षे उलटूनही मूल सारखे धडपडत असेल, बटणे लावताना रडकुंडीला येत असेल, बरोबरीच्या मुलांहून फार मागे असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. काही मुलांना व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून दिलेल्या उपचाराची) खरोखर गरज असते आणि ती वेळेवर मिळाली तर पुष्कळ फरक पडतो. 'आळशी' हा शेरा त्यावर उपाय नाही.

आपल्याकडे माझी विनंती लहानशी आहे. बालवाडीच्या प्रवेशाची जाहिरात स्वीकारताना आपल्या दैनिकाने दोन ओळी सक्तीच्या कराव्यात : मोकळे अंगण किती चौरस फूट, आणि मुले रोज किती मिनिटे त्या अंगणात असतात. महापालिकेने नियम करेपर्यंत थांबायचे कारण नाही. आपल्या जाहिरात विभागाने अर्जात दोन रकाने वाढवले तरी येत्या प्रवेशाच्या मोसमात पालकांना ते आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहता येतील.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, पुणे