यंदा मॅरेथॉन नाही, पण तुमच्यामुळे नव्हे

ती. आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं, तर आईचा आवाज भरून आला असता आणि बाबांनी 'बरं बरं' म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहिते आहे. यंदाच्या मॅरेथॉनमधून मी नाव काढून घेतलं. सोमवारीच कळवून टाकलं, तेव्हा आता समजूत घालू नका. 'आमच्यामुळे पोरीचं राहिलं' हेही मनात आणू नका. तसं नाहीये.

बाबांच्या ऑपरेशननंतरही माझा एकही लाँग रन चुकला नव्हता. आठवड्याचे 60 किलोमीटर ठरल्याप्रमाणे होत होते. तरी पाय शिशासारखे जड. पूर्वी ज्या वेगाने गप्पा मारत धावायची, त्याच वेगाला धाप लागायला लागली. सकाळी अंथरुणातच नाडी मोजते ना मी, ती एरवी 52 असते. सहा आठवडे ती 60 च्या खाली येईना. मला वाटलं मेहनत कमी पडतेय, म्हणून इंटरव्हल, म्हणजे मध्ये थोडं थांबत जोरात धावण्याचे टप्पे, वाढवले. तिथेच चुकलं.

कोचबाईंनी धावण्याच्या नोंदींशेजारी झोपेचे तास लिहायला लावले. साडेचार, पाच, पुन्हा साडेचार. ऑफिसात दोन माणसांचं काम, घर बदलणं, त्या जागेचे कागद, आणि हो, रात्री फोन उशाशी. ती सवय मला काकूच्या वेळेपासूनची आहे, तुम्ही लावलेली नाही. बाई म्हणाल्या, धावण्याचा ताण आणि जगण्याचा ताण यांचे हिशेब शरीर वेगळे ठेवत नाही.

बाबा, तुम्हाला पुरावा लागतो, म्हणून सांगते. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं होतं. उंदरांना कडक थंडीत ठेवा, शस्त्रक्रियेची जखम होऊ दे, नाहीतर अतिश्रम करायला लावा, शरीराचा प्रतिसाद साधारण एकाच साच्याचा. व्यायामाने शरीर आधी झिजतं, ते भरून निघतं विश्रांतीत, मुख्यतः झोपेत. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) रात्री खाली यायला हवं. काळजीने ते चढंच राहिलं, झोप तुटली, की झीज तेवढी उरते. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला झोपेबद्दल इतकं बजावलं ते का, हे मला तेव्हा कळलं.

2009 चा एक प्रयोग तर मी दोनदा वाचला. काही लोकांना आधी 90 मिनिटं संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकल चालवायला लावली. एरवी ते सरासरी 754 सेकंद टिकायचे, त्या दिवशी 640. हृदय नेहमीसारखंच चालत होतं, फक्त कष्ट जास्त जाणवत होते. आई, तू लगेच विचारशील म्हणून सांगते, मीही तपासून घेतलंय. माझं हृदय उत्तम आहे.

आता मी दहाला झोपते. नवी खोली मागच्या बाजूला आहे, अगदी शांत. आठवड्यातून तीनच दिवस, 40 मिनिटं, सावकाश. घड्याळ कपाटात ठेवलंय. नाडी 55 वर आलीय. धावणं सोडलेलं नाही, पुढच्या वर्षी धावेन.

शाळेच्या शर्यतीत बाबा कधीच शेवटच्या रेषेपाशी उभे राहायचे नाहीत. शेवटच्या वळणावर असायचे. 'तिथे सगळेच असतात, तुझे पाय इथे जड होतात' म्हणायचे. अजूनही पाय जड झाले की मी रस्त्याच्या कडेला बघते, बाबा.

आता माझं ऐका. चालायला दोघांनी एकत्र जायचं. बाबांनी पुढे निघून जायचं नाही. बोलता येईल तेवढाच वेग, वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. धाप लागली तर लपवायची नाही, मला सगळं कळतं. संध्याकाळची गोळी डबीतून काढून ठेवणं वेगळं आणि घेणं वेगळं. घ्यायची.

आणि आई, तू रात्रभर बाबांचा श्वास ऐकत जागी असतेस, हे ताईने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. तू कुठली मॅरेथॉन धावणार नाहीस, पण गुडघा महिनाभर दुखतोय, सर्दी हटत नाही, जिना चढताना मध्ये थांबतेस. तुझ्या वहीतही तेच साडेचार तास असणार. तू काही चुकतेयस असं म्हणत नाहीये मी. तू होतीस म्हणून बाबा इतके लवकर उठून बसले.

शनिवारी माझा धावण्याचा दिवस नसतो. तेव्हा दर शुक्रवारी रात्री मी येणार, हेही ठरलंय. बाबांच्या खोलीत मी झोपेन. तू आतल्या खोलीत, दार लावून. सकाळी तुला कोणी उठवणार नाही.

तुमची,
धाकटी