बैलजोडीला दोरा, पोरांना मात्र अंगठा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शालेय फुटबॉलच्या निवड चाचण्यांची बातमी आपल्या दैनिकात वाचली. खेड्यापाड्यांतली मुलं वेगात कमी पडतात, असा तिचा सूर होता. ती वाचल्यापासून मन लागत नाही, म्हणून हे पत्र.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात घड्याळ दुरुस्तीचं दुकान चालवतो. चौतीस वर्षं झाली. बारा-चौदा वर्षांपूर्वी शाळेचे पी.टी.चे सर बंद पडलेलं स्टॉपवॉच घेऊन आले होते. तेव्हापासून शाळेच्या मैदानावर वेळ घ्यायला मला बोलावतात आणि मी जातो. खेळातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण सेकंदाचा दहावा भाग म्हणजे काय, तो कुठून येतो आणि कुठे सांडतो, हे मला कळतं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवडाभर आधी आमच्या शाळेची नऊ मुलं-मुली एका निवासी क्रीडा संस्थेच्या निवड चाचणीला गेली. सरांना मतदार यादीचं काम लागलं होतं, म्हणून सोबत मी गेलो. त्यात आठवीतली एक मुलगी होती. डाव्या बाजूनं खेळते. बापाची तीन एकर कोरडवाहू कपाशी, आई रोजानं निंदायला जाते. चेंडू पायात आला की ही पोरगी रेषेच्या कडेनं अशी निघते की मागचा बचाव करणारा नुसता बघत राहतो. तिला उद्या वर्तमानपत्रात ओळखलं जाऊ नये, म्हणून नाव देत नाही.

चाचणीत ३० मीटर धावायचं होतं आणि तिच्या गटाला ५ सेकंदांच्या आत यायचं होतं. सुरुवातीच्या रेषेवर एक जण शिट्टी घेऊन, शेवटच्या रेषेवर एक जण मोबाईल घेऊन. मुली दोन-दोन सोडत होते, मोबाईल मात्र एकच. दुपारी बारा-सव्वाबाराला पावसाची सर येऊन गेली. काळ्या मातीचं मैदान ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. पाऊस पडून गेला की माती बुटाला धरते आणि दहा पावलांत पाय पावशेरानं जड होतो. आमच्या पोरीनं मोठ्या बहिणीचे कॅनव्हासचे बूट घातले होते. तिनं ते काढून बाजूला ठेवले आणि अनवाणी उभी राहिली.

ती सोबतच्या मुलीच्या चांगली दीड हात पुढे पोचली. मी रेषेपासून चार पावलांवर होतो, डोळ्यांनी पाहिलं. मोबाईलवाल्यानं दोघींनाही ५.१ सांगितले आणि कागदावर तेच चढले. दुसरी पोचली तेव्हा त्याचा अंगठा पडला होता. पोरगी धापा टाकत माझ्याकडे आली. "काका, मी तं तिच्या पयले पोचली ना? मंग दोघीले पाच एकच कसं देल्लं?"

मी काय उत्तर देणार होतो?

तो माणूस वाईट नव्हता, हेही लिहितो. सकाळी सातपासून उभा, पोटात चहाशिवाय काही नाही, आणि साठ-सत्तर पोरं अजून रांगेत. माझी तक्रार त्याच्यावर नाही, त्याच्या हातात जे दिलं होतं त्यावर आहे.

चाचणी संपल्यावर फक्कीच्या रेषा तशाच होत्या. तिथल्या शिपायाकडून फायबरची फीत मागून घेतली, दोन पोरांना दोन टोकांना उभं केलं आणि मोजलं. ३१ मीटर ४० सेंटीमीटर. कोणीतरी ढांगा टाकून अंतर धरलं होतं. त्या वयाची चपळ मुलगी शेवटी शेवटी सेकंदाला सात मीटरच्या आसपास धावते. म्हणजे जास्तीचं १ मीटर ४० सेंटीमीटर तिला ०.२ सेकंदाला पडलं. त्यात दीड हाताचा फरक धरा, आणखी ०.१. हे वजा केलं तर पोरगी ४.८ ला पोचली होती. मी फीत हातात घेऊन सांगायला गेलो, तर उत्तर मिळालं, "काका, यादी तयार झाली आता." पुढे लेखी अर्जही दिला. त्याचं उत्तर आजवर नाही.

आता थोडं घड्याळाबद्दल लिहू द्या. माझ्याकडे चावीचं एक जुनं स्टॉपवॉच आहे. ते तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. त्याचा काटा एका उडीत ०.२ सेकंद सरकतो. त्या घड्याळावर कोणी ४.६३ लिहूच शकत नव्हतं, कारण काटा तिथं थांबतच नाही. डिजिटल घड्याळात क्वार्ट्‌झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. शे-दोनशे रुपयांचं घड्याळ असलं तरी पाच सेकंदांत ते चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही. चुकतो तो अंगठा. डोळ्याला दिसल्यापासून अंगठा दाबेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात, कोणाला कमी, कोणाला जास्त. सुरुवातीला अंगठा उशिरा पडतो. शेवटी मात्र धावणारा येताना दिसत असतो, म्हणून तो वेळेवर किंवा आधीच पडतो. म्हणूनच हाताची वेळ बहुतेकदा खऱ्यापेक्षा कमी भरते. पण किती कमी, ते माणसागणिक बदलतं, आणि एकाच माणसाचं सकाळी वेगळं, दुपारी वेगळं.

पुढच्या आठवड्यात आमच्या मैदानावर मी, सर आणि दहावीतला एक मुलगा असे तिघं तीन स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या रेषेवर उभे राहिलो. एकच मुलगा, एकच धाव. सर ४.५५, मी ४.६१, पोरगा ४.७८. धाव तीच, फरक जवळपास पाव सेकंदाचा. ॲथलेटिक्सच्या नियमात याची सोय आहे. तीन घड्याळं लावा. दोघांचं जुळलं तर ते धरा. तिघांचं वेगळं आलं तर मधलं धरा. आणि हाताची वेळ दहाव्या भागात, तीसुद्धा वरच्या आकड्याला नेऊन लिहा. म्हणजे ४.६१ चे ४.७ होतात. घड्याळ सुरू करायचं ते पिस्तुलाचा धूर किंवा उजेड पाहून, आवाज ऐकून नाही, कारण आवाजाला ३० मीटर यायला ०.०९ सेकंद लागतात आणि १०० मीटरला ०.२९. या नियमांना पैसे लागत नाहीत. तालुक्याच्या मैदानावर ते मी एकदाही पूर्ण पाळलेले पाहिले नाहीत.

दहाव्या भागाचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मिल्खा सिंग ४०० मीटरला चौथे आले. त्यांची हाताची वेळ ४५.६, विजेच्या घड्याळाची ४५.७३. अडतीस वर्षांनी, १९९८ मध्ये, परमजीत सिंगनं कोलकात्यात ४५.७० नोंदवले. आता सांगा, मिल्खा सिंगांचा विक्रम मोडला की नाही? ४५.७३ धरले तर मोडला, ४५.६ धरले तर नाही. आणि १९८४ च्या लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळ्यांचं कांस्य ५५.४२ आणि ५५.४१ या दोन आकड्यांच्या मधे राहिलं. तो एक शतांश आपण मान्य केला, कारण तो यंत्रानं मोजलेला होता. ४०० मीटरपर्यंतच्या जागतिक विक्रमांना १९७७ पासून विजेच्या घड्याळाचीच वेळ चालते, ती उगाच नाही.

आमच्या पोरांचा आणखी एक घोळ मोबाईलवरून झालाय. एकानं मला रील दाखवली. अमेरिकेतला झेवियर वर्दी नावाचा खेळाडू, ४० यार्ड ४.२१ सेकंदांत, तिथल्या निवड चाचणीतला २०२४ चा विक्रम. पोरगा हिरमुसून म्हणाला, "काका, आपलं तं तीसच मीटरले साडेचार लागते." त्याला दुकानात बसवून समजावलं. पहिलं म्हणजे तो फुटबॉल वेगळा, अंडाकृती चेंडूचा, हातात घेऊन पळायचा. तिकडे हायस्कूलच्या पोरांचीसुद्धा किंमत ४० यार्डांच्या वेळेवर होते. ४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर. तिथं शिट्टी नाही, पिस्तूल नाही. खेळाडू स्वतः हलला की घड्याळ सुरू होतं, म्हणजे ऐकून निघायला लागणारा वेळ त्यात धरलेलाच नसतो. त्यातही सुरुवात माणसाच्या हातानं आणि शेवट यंत्रानं. तो जगातला निवडक माणूस, तयार पट्ट्यावर, खास बुटात. आणि तू शिट्टी ऐकून, नांगरल्यासारख्या मैदानावर. दोन वेळा शेजारी ठेवायच्या तर दोन्ही एकाच रीतीनं घेतलेल्या असाव्या लागतात, नाहीतर ते आकडे एकमेकांशी बोलतच नाहीत. पोरगा उठला तेव्हा जरा बऱ्या चेहऱ्यानं गेला.

आपल्या बाजूचंच सांगतो. अनिमेष कुजूर हा शेजारच्या छत्तीसगडचा, शाळेत फुटबॉल खेळणारा पोरगा. जुलै २०२५ मध्ये ग्रीसमध्ये त्यानं १०० मीटर १०.१८ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. फुटबॉलच्या मैदानावर वेग असतो. तो नीट मोजणारं कोणी भेटलं पाहिजे.

खरं तर फुटबॉलला ३० मीटरपेक्षा पहिले दहा मीटर जास्त महत्त्वाचे, असं आमचे सर सांगतात आणि मला ते पटतं. सामन्यात चेंडूवर झडप घालायची ती आठ-दहा पावलांचीच असते. पण दहा मीटरला दोनच सेकंद लागतात. त्यात अंगठ्याची ०.२ सेकंदाची चूक म्हणजे दहा टक्के. तिथं हाताचं घड्याळ चालतच नाही.

आणि हे न जमण्यासारखं आहे असं मी मानायला तयार नाही, कारण ते आमच्याच शिवारात होताना मी पाहिलंय. आमच्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी सुटते ती दुसऱ्या जोडीच्या पुढे जायला नव्हे, घड्याळावर सुटते. मी ज्या पटात घड्याळावर बसलो, तिथं दोन्ही टोकांना दोरा ताणलेला होता. बैलांच्या छातीनं पहिला दोरा सुटला की घड्याळ चालू, दुसरा सुटला की बंद. माणसाचा अंगठा मधे येतच नाही. तो खटका मी स्वतः डाग देऊन जोडलाय, सायकलच्या ब्रेकची स्प्रिंग आणि दाराच्या बेलचं बटण एवढ्यावर. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून असे पट पुन्हा भरताहेत, आणि मे २०२३ मध्ये न्यायालयानं ती मान्यता कायम केली. शतांश सेकंदावरून तिथं बक्षीस ठरतं आणि हरलेला शेतकरीही ते मानतो, कारण दोरा कोणाचा नातेवाईक नसतो. बैलजोडीला जे मिळतं ते आठवीतल्या पोरीला मिळू नये, याचं मला मनापासून दुःख होतं.

क्रीडा खात्याला माझी विनंती एवढीच. प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात विजेच्या टायमिंग गेटचा, म्हणजे धावणारा मधून गेला की आपोआप वेळ घेणाऱ्या खांबांचा, एक तरी संच द्या. तो येईपर्यंत एका धावेला तीन घड्याळं, अंतर फितीनं मोजलेलं, प्रत्येक मुलाला दोन संधी, आणि पाऊस आला तर ओल्या मैदानावर धावलेल्यांना पुन्हा बोलावणं. सेकंदाच्या एखाद्या दहाव्या भागावरून कोणाला बाद करू नका. हाताच्या घड्याळाला तो फरक दिसतच नाही. आणि मोबाईल वापरायचाच असेल तर चित्रीकरणाला वापरा. आम्ही करून पाहिलंय. मोबाईल शेवटच्या रेषेच्या अगदी सरळ लावून तिपाईवर ठेवायचा, सुरुवातीला लाकडी क्लॅपर वाजवायचा. साधा मोबाईलही सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं घेतो. क्लॅपरच्या आवाजापासून छाती रेषेवर येईपर्यंतची चित्रं मोजायची आणि आवाजाचे ०.०९ सगळ्यांना सारखे मिळवायचे. एका मुलाला दोन मिनिटं लागतात. शिवाय चित्रफीत राहते, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येते.

ती मुलगी आता नववीत आहे. त्या गटाच्या वयात ती यंदा बसत नाही. वरच्या गटाची चाचणी दिवाळीनंतर आहे असं सर म्हणतात. रोज पहाटे साडेपाचला ती गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पळते. मी रस्त्याच्या कडेला चुन्यानं ३० मीटरची खूण करून दिली आहे, फितीनं मोजून. पटाचा तो दोरा आणि खटकाही घरून आणून तिथं लावतो. मागच्या रविवारी ४.७४ आले.

चाचणी कोणत्याही तालुक्यात असो, मला कळवावं. तीन स्टॉपवॉच, ५० मीटरची फीत आणि दोऱ्याचं घड्याळ घेऊन मी स्वतःच्या खर्चानं येईन. फक्त बुधवारी आमच्याकडे बाजार असतो, त्या दिवशी दुपारी तीननंतर.

आपला विश्वासू,
एक घड्याळ दुरुस्ती कारागीर
जि. यवतमाळ