भाकड जनावराचा खर्च कोणी सोसायचा?

महोदय,

पुणे जिल्ह्यात गाईच्या दुधाच्या दरावर बारमाही चर्चा चालते. दूध न देता दावणीला उभ्या असलेल्या जनावराचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. १९७६ च्या कायद्याने राज्यात गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच, पण बैल व वळू यांच्या बाबतीत प्रमाणपत्र घेऊन मुभा होती. २०१५ मध्ये सुधारित कायदा लागू झाला आणि ती मुभा संपली. म्हाताऱ्या बैलाच्या विक्रीत थोडी भर घालून चाकण किंवा बेल्ह्याच्या बाजारातून नवा खोंड आणायचा, हा शेतकऱ्याचा जुना व्यवहार त्यामुळे मोडला. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही बंदी वैध ठरवली आहे आणि तिच्या हेतूविषयी मला येथे वाद घालायचा नाही; प्रश्न फक्त तिचा खर्च कोणाच्या माथी बसतो, एवढाच आहे.

शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रत्येकी दररोज ५० रुपये अनुदान मंजूर केले. म्हणजे एक जनावर सांभाळायला वर्षाला किमान १८,२५० रुपये लागतात, हे शासनालाच मान्य आहे. तेच जनावर शेतकऱ्याच्या गोठ्यात असले, तर मात्र त्याच्या वैरणीसाठी या योजनेतून एक रुपयाही मिळत नाही. शिवाय आपल्याकडचे गाईचे दूध मुख्यतः होल्स्टिन या विदेशी जातीच्या संकरित गाईंचे. त्यांचे गोऱ्हे ना औताला चालतात, ना देशी गाईंच्या योजनेत बसतात. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला दिलेले लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान स्वागतार्ह होते, परंतु जे जनावर दूधच देत नाही त्याला लिटरच्या मापाने मदत कशी पोहोचणार?

म्हशीच्या बाबतीत प्रमाणपत्र घेऊन कत्तलीची मुभा कायम आहे, त्यामुळे भाकड म्हशीलाही गिऱ्हाईक मिळते. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यातील गोवंश सुमारे दहा टक्क्यांनी घटला, म्हशींची संख्या मात्र जवळजवळ स्थिर राहिली. याला ट्रॅक्टरही कारण आहे, हे मान्य. पण गोवंश वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यानंतर शेतकरी गोवंशच पाळेनासा होत असेल, तर शासनाने त्याची दखल घ्यायला हवी. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवल्यावर जनावरांचे बाजार थंडावले, तेव्हा ही अडचण उघड्यावर आली. शेतीसाठी नेलेली जनावरेही वाटेत अडवली जातील, या भीतीने गाडीवाले जादा भाडे मागतात, ते वेगळेच.

जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो आणि त्यावरून मालक, वय व वेत यांची नोंद ठेवता येते. या नोंदीच्या आधारे भाकड गाय, म्हातारा बैल आणि संकरित गोऱ्हा सांभाळणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात, गोशाळेला मिळते त्याच्या निम्मी, म्हणजे दररोज २५ रुपये रक्कम थेट जमा करावी. देशी-संकरित असा भेद त्यात नसावा. यापुढे गोऱ्हेच कमी जन्मावेत म्हणून उरुळी कांचन येथे तयार होणाऱ्या लिंगवर्गीकृत रेतमात्रा (ज्यांतून बहुतांशी कालवडीच जन्मतात) प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात माफक दरात मिळाव्यात. सुरुवातीला ही व्यवस्था शिरूर, दौंड आणि जुन्नर या तीनच तालुक्यांत वर्षभर राबवली, तरी राज्यभराचा खर्च किती येईल याचा अंदाज पशुसंवर्धन विभागाला बांधता येईल.

– एक दूध उत्पादक शेतकरी, शिरूर (जि. पुणे)